घरात वाघ, बाहेर शेळी? कसोटी संघ जोखण्याचा हिशेब

२५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर विराट कोहली ज्या चेंडूवर त्रिफळाचीत झाला, तो चेंडू खेळपट्टीवर पडलाच नव्हता. न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरचा तो फुलटॉस होता. कोहलीने तो आडव्या बॅटने ओढायचा प्रयत्न केला, चेंडू हुकला आणि तो एका धावेवर तंबूत परतला. त्या डावात सँटनरने ५३ धावांत ७ गडी बाद केले, दुसऱ्या डावात १०४ धावांत ६, आणि त्याआधीच्या कसोटी कारकिर्दीत एकदाही डावात ५ बळी न मिळालेल्या या डावखुऱ्या फिरकीपटूने न्यूझीलंडला ११३ धावांनी सामना जिंकून दिला. २०१३ पासून मायदेशात सलग १८ मालिका जिंकत आलेल्या भारताची साखळी तिथे तुटली. पुढच्या आठवड्यात वानखेडेवरही २५ धावांनी पराभव झाला आणि मालिका ०-३ अशी गेली.

त्यानंतर दोन प्रकारची मते ऐकू येऊ लागली. एक मत असे की आधीचे १८ विजय संघाचे नव्हतेच, ते खेळपट्ट्यांचे होते आणि आता पितळ उघडे पडले. दुसरे मत असे की एक मालिका वाईट गेली, एवढेच. दोन्ही मते देणाऱ्यांनी घरचे मैदान हा एकच आणि ठरलेला फायदा आहे असे गृहीत धरले होते, आणि घोटाळा नेमका तिथेच आहे. घरचा फायदा कशाकशाचा बनलेला असतो, त्यातला किती निसर्गाचा आणि किती माणसाने रचलेला, आणि तो वजा करून संघाची ताकद कशी मोजायची, हे एकदा नीट समजून घेतले की घरात वाघ आणि बाहेर शेळी हा शेरा फार घाईचा वाटू लागतो.

सुरुवात जमिनीपासून करू. वानखेडेची खेळपट्टी लाल मातीची आहे, तर २०२४ मध्ये पुण्याच्या कसोटीसाठी काळ्या मातीची खेळपट्टी होती. लाल मातीवर चेंडूला उसळी मिळते आणि तो वळतो तेव्हा झपकन वळतो. काळी माती चिकण, पाणी धरून ठेवणारी, त्यामुळे तिच्यावर चेंडू संथ येतो आणि पुष्कळदा गुडघ्याखालीच राहतो. म्हणजे पुणे ते मुंबई या तीन तासांच्या प्रवासात फलंदाजाला पायांची हालचाल बदलावी लागते. एका राज्याच्या आत हा फरक असेल, तर भारतातील परिस्थिती असे एकवचनी बोलणे सोयीचे असले तरी खरे नाही. हाच न्यूझीलंडचा संघ भारतात येण्याच्या काही दिवस आधी श्रीलंकेत गॉल येथे दोन्ही कसोट्या हरला होता. दोन्ही देश आशियातले आणि दोन्हीकडे फिरकीचाच बोलबाला, तरीही निकाल उलटसुलट लागले.

दुसरा घटक चेंडू. भारतात मेरठला बनणारा एसजी चेंडू वापरतात, इंग्लंड आणि वेस्ट इंडिजमध्ये ड्यूक्स, तर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका यांसारख्या देशांत कूकाबुरा. तिन्हींवर शिवणीच्या सहा ओळी असतात, पण एसजी आणि ड्यूक्सची शिवण पूर्णपणे हाताची असते, तर कूकाबुराच्या मधल्या दोन ओळी हाताच्या आणि बाहेरच्या चार यंत्राच्या असतात. हाताने घातलेली शिवण बराच काळ उठून राहते, म्हणून ड्यूक्स चेंडू पन्नासाव्या षटकातही हलू शकतो आणि एसजीवर फिरकीपटूच्या बोटांना धरायला कड मिळते. कूकाबुराची शिवण तुलनेने लवकर बसते. मग गोलंदाजाकडे वेग, उंची किंवा अफाट चिकाटी यांपैकी काहीतरी असावे लागते. इंग्लंडमध्ये ढगाळ सकाळी घातक ठरणारा मध्यमगती गोलंदाज ऑस्ट्रेलियात दुपारच्या उन्हात निरुपद्रवी का वाटतो, याचे अर्धे उत्तर या दोऱ्यात आहे.

तिसरा घटक सवय, आणि तो आपण सर्वांत कमी धरतो. लहानपणापासून कमी उसळीच्या मैदानांवर वाढलेल्या फलंदाजाचा पुढचा पाय आपोआप पुढे पडतो. ऑस्ट्रेलियात पर्थच्या उसळत्या खेळपट्टीवर तोच पाय पुढे पडला की चेंडू बॅटच्या वरच्या भागाला किंवा ग्लोव्हजना लागून स्लिपमध्ये जातो. फलंदाजाला हे कळत नसते असे नाही. पण चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात माणूस विचार करत नाही, सवय वागते. ती सवय मोडायला वेळ लागतो. १९७१ मध्ये अजित वाडेकरांचा संघ इंग्लंडमध्ये पहिल्या कसोटीआधी एकामागून एक कौंटी सामने खेळला होता आणि त्याने अखेरीस ओव्हलवर मालिका जिंकली. हल्ली दौऱ्याआधी आपापसांत एखादा सराव सामना झाला तरी पुष्कळ, असे चालते. त्यामुळे मालिकेची पहिली कसोटीच पाहुण्यांचा सराव सामना ठरते.

प्रेक्षकांचा आरडाओरडा आणि पंचांचा कल हे घटक एके काळी मोठे होते, आता लहान झाले आहेत. १९८६ मध्ये पाकिस्तानने वेस्ट इंडिजविरुद्धच्या लाहोर कसोटीसाठी पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी या दोन भारतीय पंचांना बोलावले. भारत-पाकिस्तान संबंधांचा इतिहास पाहता आज ही गोष्ट कुणाला खरीही वाटणार नाही. पुढे १९९४ पासून एक आणि २००२ पासून दोन्ही त्रयस्थ पंच आले, मग पंचांचा निर्णय तंत्रज्ञानाने तपासून घेण्याची डीआरएस पद्धत आली, आणि घरच्या पंचांमुळे हरलो ही तक्रार जवळजवळ संपली.

आता माणसाने रचलेल्या फायद्याकडे येऊ. याचे इतके उघड उदाहरण अलीकडे दुसरे नाही, म्हणून मुलतानची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे पुण्याच्या सामन्याच्या सुमारासच, पाकिस्तानने मुलतानला पहिल्या डावात ५५६ धावा केल्या आणि तरीही डावाने सामना गमावला, कारण इंग्लंडने ७ बाद ८२३ वर डाव घोषित केला; हॅरी ब्रूकने ३१७ आणि जो रूटने २६२ धावा केल्या. दुसरी कसोटीही मुलतानलाच होती. पाकिस्तानने नवी खेळपट्टी केली नाही. पाच दिवस वापरलेल्या, बुटांच्या खिळ्यांनी उकरलेल्या त्याच खेळपट्टीवर मोठमोठे पंखे लावून ती वाळवली आणि पुन्हा तिच्यावरच सामना खेळवला. साजिद खान आणि नोमान अली या दोघा फिरकीपटूंनीच मिळून इंग्लंडचे वीसच्या वीस गडी बाद केले आणि पाकिस्तान १५२ धावांनी जिंकला. तिसऱ्या कसोटीसाठी रावळपिंडीला तर पंख्यांच्या जोडीला हीटरही आले. मालिका पाकिस्तानने २-१ अशी जिंकली. दोन्ही संघ पहिल्या कसोटीतलेच होते, दोघांनीही काही खेळाडू बदलले एवढेच. मग पहिल्या आठवड्यातला पाकिस्तान खरा की दुसऱ्यातला? माझ्या मते दोन्ही खरे. संघाची ताकद हा एक आकडा नसतो. ती कोणत्या जमिनीवर विचारली जाते त्यावर उत्तर बदलते.

हवी तशी खेळपट्टी मागितली आणि ती मिळाली, असे नेहमीच होत नाही. २००४ मध्ये नागपूरला भारतीय संघ उतरला तेव्हा खेळपट्टीवर गवत होते, आणि ग्लेन मॅकग्रा, जेसन गिलेस्पी, मायकेल कॅस्प्रोविच यांना ते घरच्यासारखे वाटले असणार. ऑस्ट्रेलियाने तो सामना ३४२ धावांनी जिंकला आणि त्याबरोबर १९६९-७० नंतर भारतातली पहिली मालिकाही. कागदावर तो परदेशातला विजय आहे. मातीच्या हिशेबाने तो तितकासा परदेशात नव्हता.

इथून या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि थोडा उफराटा मुद्दा सुरू होतो. सर्वसाधारण समज असा की खेळपट्टी जितकी फिरकीला धार्जिणी, तितका भारताचा फायदा जास्त. तसे होत नाही. चेंडू थोडासा वळत असेल, तर बळी मिळवायला गोलंदाजाकडे वेगातला बदल, कोन, टप्पा आणि संयम हे सगळे लागते, आणि तिथे रविचंद्रन अश्विन किंवा रवींद्र जडेजा पाहुण्या फिरकीपटूंपेक्षा कितीतरी सरस ठरतात. खेळपट्टीचा पहिल्याच दिवशी आखाडा झाला, तर चेंडू योग्य जागी टाकणे एवढेच काम उरते. एक हातभर वळतो, पुढचा सरळ जातो, आणि तो सरळ कसा गेला हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते. मग श्रेष्ठ आणि साधारण यांतले अंतर मिटते. मायकेल क्लार्कने २००४ मध्ये वानखेडेवर ९ धावांत ६ गडी घेतले, जो रूटने २०२१ मध्ये अहमदाबादला ८ धावांत ५. दोघेही मुख्यतः फलंदाज. ते दोन्ही सामने भारताने जिंकले हे खरे, पण असे आकडे खेळपट्टीविषयी जास्त सांगतात, गोलंदाजाविषयी कमी.

गहुंजेलाच २०१७ मध्ये याची पहिली प्रचीती आली होती. त्या मैदानावरची ती पहिलीच कसोटी होती. भारत १०५ आणि १०७ धावांत बाद झाला, पहिल्या डावात शेवटचे ७ गडी अवघ्या ११ धावांत गेले, आणि ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ असे एकसारखे पृथक्करण नोंदवले. ओकीफ एकूण ९ कसोट्या खेळला आणि त्याच्या ३५ बळींपैकी १२ त्या एका सामन्यातले होते. सामनाधिकाऱ्यांनी खेळपट्टीला निकृष्ट ठरवले. २०२३ मध्ये इंदूरला पुन्हा तसेच घडले. ऑस्ट्रेलिया ९ गडी राखून जिंकला. त्या १८ विजयी मालिकांत भारताने अवघ्या ४ कसोट्या गमावल्या, आणि त्यांपैकी २ या अशा आखाड्यांवर.

याच्या उलट २०१६ ची इंग्लंडविरुद्धची मालिका पाहावी. मुंबईत इंग्लंडने पहिल्या डावात ४०० धावा केल्या, चेन्नईत ४७७. एवढ्या धावा होतात म्हणजे खेळपट्टीत दोष नव्हता. तरीही भारताने दोन्ही सामने डावाने जिंकले. मुंबईत कोहलीने २३५ धावा केल्या, चेन्नईत करुण नायरने नाबाद ३०३. पाहुण्यांना चांगली फलंदाजी करू देऊन त्यांना हरवणारा संघ खरोखर बलाढ्य होता, आणि आधीचे सगळे विजय खेळपट्टीचे होते असे म्हणणाऱ्यांनी हे दोन धावफलक एकदा शांतपणे वाचावेत. भारताची घरची ताकद चांगल्या खेळपट्टीवर जास्त दिसत होती, आणि ती असतानाही आखाड्यांचा हट्ट का धरला गेला, हे मला अजून नीट उमजलेले नाही.

आता बाहेरच्या कामगिरीकडे. आकडेवारीच्या तक्त्यात परदेश असा एकच रकाना असतो आणि त्यात गॉल, किंग्स्टन, पर्थ आणि लीड्स सगळे एकत्र कोंबलेले असतात. भारतीय संघासाठी श्रीलंकेचा दौरा आणि ऑस्ट्रेलियाचा दौरा या दोन निराळ्या परीक्षा आहेत. श्रीलंकेत भारताने २०१५ मध्ये २-१ आणि २०१७ मध्ये ३-० असा विजय मिळवला, पण त्यावरून पर्थविषयी काहीच कळत नाही. म्हणून मला एक साधी रीत जास्त पटते: एखाद्या संघाने अमुक देशात काय केले हे पाहताना त्याच सुमारास त्या देशात गेलेल्या इतर पाहुण्यांनी काय केले हे शेजारी मांडावे. घरच्या संघाचा फायदा सर्व पाहुण्यांना सारखाच नडतो, त्यामुळे तुलनेत तो बऱ्याच अंशी वजा होतो.

ऑस्ट्रेलियाचेच उदाहरण घेऊ. इंग्लंड २०१३-१४, २०१७-१८ आणि २०२१-२२ या तीन दौऱ्यांत तिथे १५ कसोट्या खेळला आणि एकही जिंकला नाही. पाकिस्तानने तिथे शेवटची कसोटी १९९५ मध्ये जिंकली. भारत २०१८-१९ आणि २०२०-२१ या दोन दौऱ्यांत ८ कसोट्या खेळला. ४ जिंकला, २ हरला, २ अनिर्णित. पहिल्या दौऱ्यात स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नर बंदीमुळे खेळत नव्हते, हे वजा करायलाच हवे. पण दुसऱ्या दौऱ्यात ते होते, ॲडलेडला भारत ३६ धावांत बाद झाला होता, कोहली मायदेशी परतला होता, आणि अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली अर्धा संघ जखमी असताना भारताने ब्रिस्बेनच्या गॅबावर ३२८ धावांचे लक्ष्य गाठले. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरला नव्हता. इतर पाहुण्यांच्या शेजारी ठेवल्यावर ही कामगिरी जशी दिसते, तशी नुसत्या २-१ या आकड्यात दिसत नाही.

हीच रीत आपल्या सबबीही काढून घेते. भारताने दक्षिण आफ्रिकेत आजवर एकही मालिका जिंकलेली नाही, आणि आशियाई संघांना तिथली उसळी झेपत नाही असे त्यावर सांगितले जाते. पण २०१९ मध्ये श्रीलंकेने तिथे २-० असा विजय मिळवला. डरबनला कुसल परेराने नाबाद १५३ धावा करताना शेवटच्या जोडीसाठी ७८ धावांची अखंड भागी रचली. त्या दौऱ्यावर येताना श्रीलंकेचा संघ कुणाच्या खिजगणतीत नव्हता. तो जिंकू शकतो म्हटल्यावर नुसत्या उसळीवर खापर फोडता येत नाही.

खेळाडूंच्या बाबतीतही हेच लागू पडते. अश्विनच्या ५३७ बळींपैकी ३८३ भारतातले आहेत, म्हणून त्याला घरचा गोलंदाज म्हणणारे मुथय्या मुरलीधरनच्या ८०० पैकी ४९३ बळी श्रीलंकेतले आहेत याचा सहसा उल्लेख करत नाहीत. शेन वॉर्नने निम्म्याहून अधिक बळी ऑस्ट्रेलियाबाहेर घेतले, पण भारतात त्याला प्रत्येक बळीसाठी सरासरी ४३ धावा मोजाव्या लागल्या. डॉन ब्रॅडमन यांची परदेशातली सरासरी घरच्यापेक्षाही जास्त आहे, १०२.८४ विरुद्ध ९८.२२, मात्र त्यांच्यासाठी परदेश म्हणजे फक्त इंग्लंड होते. आणि एका दौऱ्यावरून तर निकाल देऊच नये. कोहलीने २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात १० डावांत १३४ धावा केल्या आणि २०१८ मध्ये त्याच देशात ५९३. पहिल्या दौऱ्यानंतर त्याच्याविषयी लिहिले गेलेले पुष्कळसे आज वाचवत नाही.

अधिकृत मोजमाप मात्र यातले जवळजवळ काहीच जमेस धरत नाही. आयसीसीच्या कसोटी क्रमवारीत प्रतिस्पर्ध्याचे गुण विचारात घेतले जातात, पण सामना कुणाच्या घरी झाला याला वजन नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेतही विजयाचे १२ गुण घरी आणि बाहेर सारखेच आहेत. प्रत्येक संघ ३ मालिका घरी आणि ३ बाहेर खेळतो, एवढा समतोल आहे, पण कुणाकडे जायचे हे सर्वांना सारखे नसते. परदेशातल्या विजयाला जादा गुण द्यावेत अशी मागणी अधूनमधून होते. ती ऐकायला न्याय्य वाटते, पण मग पडत्या काळातल्या एखाद्या संघाला त्याच्या घरी हरवण्याचे मोल आणि गॅबावर जिंकण्याचे मोल एकच होईल.

पाहुण्यांच्या तुलनेची रीत लावली तर दक्षिण आफ्रिकेच्या एका संघाला आपण सर्वांनीच कमी लेखले असे लक्षात येते. २००६ ते २०१५ या ९ वर्षांत तो परदेशात एकही मालिका हरला नाही. इंग्लंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात प्रत्येकी दोनदा जिंकला, भारतात २००८ आणि २०१० या दोन्ही वेळा १-१ अशी बरोबरी साधून गेला. विश्वचषकात ऐनवेळी कच खाणारा संघ हा शिक्का त्याच्यावर बसला आणि ही ९ वर्षे त्याखाली झाकली गेली. ती अपराजित साखळी तुटली २०१५ मध्ये भारतातच, नागपूरच्या आखाड्यावर ७९ धावांत बाद होऊन.

दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, तोच देश कसोटीतला जगज्जेता म्हणून भारतात आला. लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून मिळवलेल्या त्या अजिंक्यपदाविषयीही कुरकुर झाली होती, कारण अंतिम फेरीच्या वाटेवर त्यांना ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याशी मालिका खेळावी लागली नव्हती. कोलकात्यात चेंडू पहिल्या दिवसापासून वाटेल तसा वागत होता, भारताला १२४ धावा हव्या होत्या आणि संघ ९३ वर बाद झाला. पुन्हा आखाडाच भोवला असे म्हणायला इथवर वाव होता, आणि मीही तसेच म्हणालो. पुढची कसोटी गुवाहाटीला झाली. तिथे खेळपट्टी उत्तम होती. दक्षिण आफ्रिकेने तिच्यावर ४८९ धावा केल्या, भारताने २०१ आणि १४०, आणि ४०८ धावांचा तो पराभव भारताच्या कसोटी इतिहासातला धावांच्या हिशेबाने सर्वांत मोठा ठरला.